डीओई सॉफ्टवेअरमध्ये फॅक्टर कसे भरावेत: प्रोपेलर शाफ्टच्या टर्निंगचे उदाहरण घेऊन

ट्रॉलरचा प्रोपेलर शाफ्ट बोटीच्या बुडातून बाहेर पडतो तिथे ग्लँड पॅकिंग (पाणी आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती घट्ट बसवलेले भरण) असते. त्या जागी शाफ्ट खरबरीत राहिला तर पॅकिंग लवकर झिजते आणि बोटीत पाणी येऊ लागते. म्हणून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कामाला येणाऱ्या वर्कशॉपवाल्याला शाफ्टच्या फिनिशची काळजी घ्यावीच लागते. स्पीड किती, फीड किती, कूलंट कोणता, याचे उत्तर अनुभवी टर्नरच्या हातात असते, पण नव्या मटेरियलवर किंवा नव्या इन्सर्टवर (टूलच्या बदलता येणाऱ्या धारेवर) ते पुन्हा शोधावे लागते. अशा वेळी डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स, म्हणजे आपण सगळे ज्याला डीओई म्हणतो ते, फार कामाला येते: एकाच वेळी अनेक गोष्टी ठरवून बदलत प्रयोग आखायची ही पद्धत. कमी रनमध्ये, म्हणजे कमी वेळा कट घेऊन, जास्त माहिती मिळते.

मिरजोळे, लोटे, महाड, कुडाळ अशा एमआयडीसींत नव्याने लागलेली मुले आणि डिप्लोमा-डिग्रीच्या प्रोजेक्टवाले विद्यार्थी हे सॉफ्टवेअर उघडतात आणि पहिल्याच खिडकीत अडकतात. प्रत्येक फॅक्टरसाठी, म्हणजे तुम्ही मुद्दाम बदलणार त्या प्रत्येक गोष्टीसाठी, नाव, युनिट, टाइप, लो, हाय असे रकाने समोर असतात. ते पाच मिनिटांत भरून पुढे जाण्याचा मोह होतो. तसे करू नका. सॉफ्टवेअरला तुमची लेथ दिसत नाही. तुम्ही लिहाल ते त्याला खरे वाटते, आणि इथे चुकलेली गोष्ट पुढच्या कुठल्याही आलेखात दुरुस्त होत नाही. या लेखात फक्त ही एकच खिडकी घेतली आहे.

उदाहरण सगळीकडे एकच आहे: ५० मिमी व्यासाचा स्टेनलेस ३०४ चा बार, गिअर-हेड (गिअर बदलून स्पीड लावायची) लेथ, ०.८ मिमी नोज रेडियसचा कार्बाइड इन्सर्ट, आणि मोजायचे आहे ते सरफेस रफनेस, आरए, मायक्रोमीटरमध्ये. तुमचे काम वेल्डिंगचे, काजूगर वाळवण्याचे किंवा काँक्रीटच्या क्यूबचे असले तरी पायऱ्या याच लागू पडतील.

बसण्याआधी हाताशी काय हवे

- लेथवरच्या स्पीड चार्ट आणि फीड चार्टचा फोटो (पाटीवर तेल बसलेले असते, आधी पुसून घ्या)
- इन्सर्टच्या डबीवर छापलेली स्पीड, फीड आणि डेप्थची शिफारस
- बारचे मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट
- रफनेस टेस्टरचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आणि त्याच्याबरोबर आलेला मास्टर पीस
- टॅकोमीटर, आणि कूलंटचे प्रमाण बघायला रिफ्रॅक्टोमीटर
- ड्रॉइंग, म्हणजे गिऱ्हाइकाला नेमका किती आरए हवा आहे तो आकडा
- साधी वही

सॉफ्टवेअर मिनिटॅब, जेएमपी, डिझाइन-एक्स्पर्ट यांपैकी कुठलेही चालेल. कॉलेजात लायसन्स नसेल तर आर ही मोफत भाषा आणि तिची डीओईची पॅकेजेस पुरेशी आहेत. रकान्यांची नावे थोडी बदलतात, विचार तोच राहतो.

१. आधी रिस्पॉन्स पक्का करा

फॅक्टरच्या लेखात रिस्पॉन्स, म्हणजे मोजायचा निकाल (इथे आरए), आधी कशाला, असे वाटेल. कारण रेंज किती रुंद ठेवायची हे तुमचे मोजमाप किती डळमळते यावर ठरते. एकाच शाफ्टवर, एकाच खुणेवर, टेस्टर उचलून पुन्हा ठेवत काही वेळा आरए घ्या. आकडे आपापसांत जितके हलतात त्याच्यापेक्षा फॅक्टरचा अपेक्षित परिणाम बराच मोठा हवा. तो तितका नसेल तर आधी मोजणी सुधारा.

टेस्टरची सुई शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकली पाहिजे, म्हणजे टूलने पाडलेल्या आट्यांना आडवी. कट-ऑफ (टेस्टरवर निवडायची मोजणीची लांबी) एकच ठेवा. आपल्या फीडच्या टप्प्याला ०.८ मिमी चालतो. तो मध्येच कुणी बदलला तर अर्ध्या आकड्यांची उरलेल्या अर्ध्यांशी तुलनाच होत नाही. शाफ्टभोवती १२० अंशांवर तीन ठिकाणी मोजा आणि सरासरी लिहा. ही तीन मोजमापे म्हणजे तीन रेप्लिकेट नव्हेत. रेप्लिकेट म्हणजे मशीन पुन्हा सेट करून नव्याने केलेला कट. हा घोळ प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्रास दिसतो, आणि त्यामुळे एरर खोटी लहान दिसून नसलेले परिणामही सिग्निफिकंट, म्हणजे खरे, ठरतात.

२. सगळे व्हेरिएबल वहीत लिहा आणि वाटणी करा

आरएवर परिणाम करू शकेल असे सुचेल ते सगळे लिहा: स्पीड, फीड, डेप्थ ऑफ कट, नोज रेडियस, कूलंटचा प्रकार, कूलंटचे प्रमाण, इन्सर्टची झीज, बारची लॉट, चकबाहेर किती लांबी आहे, टेलस्टॉक लावला का, ऑपरेटर, व्होल्टेज, हवेतला दमटपणा. ही यादी एकट्याने करू नका. लेथवर वीस वर्षे उभे राहिलेल्या माणसाला जाऊन विचारा, "दादा, फिनिश बिघडते तेव्हा तुम्ही आधी काय बघता?" "आधी टेलस्टॉकचे सेंटर बघतो" असले उत्तर पुस्तकात शोधून सापडत नाही, ते असे मिळते.

मग वाटणी. जे तुम्ही मुद्दाम बदलणार ते फॅक्टर. जे एकाच जागी धरून ठेवणार ते कॉन्स्टंट, आणि त्यांची किंमत वहीत लिहिलेली हवी. जे हातात नाही पण मोजता येते ते नुसते नोंदायचे. जेएमपीमध्ये त्यासाठी अनकंट्रोल्ड असा वेगळा रोल आहे. मिनिटॅबमध्ये वर्कशीटला एक जादा कॉलम जोडा. पहिल्या प्रयोगाला तीन-चार फॅक्टर भरपूर झाले. आपण घेऊ स्पीड, फीड, डेप्थ आणि कूलंटचा प्रकार.

३. टाइप निवडताना मशीनकडे बघा

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून थोडे सावकाश.

सॉफ्टवेअर साधारणपणे न्यूमेरिक की कॅटेगोरिकल असे विचारते. मिनिटॅबमध्ये कॅटेगोरिकलला टेक्स्ट म्हणतात. कूलंट कॅटेगोरिकल आहे हे सगळ्यांना कळते, पण टाइप करताना बरेच जण "१, २, ३" असे लिहितात आणि टाइप न्यूमेरिकच राहतो. मग सॉफ्टवेअर समजते की दोन नंबरचा कूलंट एक आणि तीनच्या बरोबर मध्ये आहे, आणि त्यातून सरळ रेषा ओढते. म्हणून नावेच लिहा: सोल्युबल, सेमी-सिंथेटिक, ड्राय.

याच्या उलट, कूलंटचे प्रमाण हा खरा न्यूमेरिक फॅक्टर आहे. तेल आणि पाणी असे दोन फॅक्टर मात्र टाकू नका. दोन्ही मिळून १०० टक्के होतात, त्यामुळे एक ठरला की दुसरा आपोआप ठरतो. तीन किंवा जास्त घटकांचे मिश्रण असेल, उदाहरणार्थ सिमेंट, फ्लाय अ‍ॅश आणि स्लॅग, तर मिक्स्चर डिझाइन वापरा. साध्या फॅक्टोरियलमध्ये (सगळ्या फॅक्टरचे लो-हाय एकमेकांशी जुळवणाऱ्या डिझाइनमध्ये) ते बसत नाही.

आता स्पीड. स्पीड न्यूमेरिक, कंटिन्युअस, असे टिक करून लोक पुढे जातात. पण गिअर-हेड लेथवर स्पीड कंटिन्युअस नसतो. पाटीवर ३५५, ५००, ७१०, १००० असे ठरलेले आरपीएम असतात आणि मधला आकडा मिळत नाही. सॉफ्टवेअर सेंटर पॉइंटला, म्हणजे रेंजच्या मध्यावरच्या रनला, ७५० मागेल, ऑपरेटर ७१० लावेल, वर्कशीटमध्ये ७५० तसाच राहील. जेएमपीमध्ये यासाठी डिस्क्रीट न्यूमेरिक असा टाइप आहे, त्यात ५००, ७१०, १००० सरळ भरा. तशी सोय नसेल तर माझी पसंती लॉगला आहे, म्हणजे आरपीएमऐवजी त्याचा लॉगॅरिदम फॅक्टर म्हणून भरायला. ५०० आणि १००० च्या लॉगॅरिदमचा मध्य काढून परत आरपीएममध्ये आणला तर ७०७ येतो, म्हणजे ७१० जवळपास बरोबर मध्यावर बसतो. लेथचे स्पीड ठरावीक पटीने वाढत जातात, म्हणून हे जमते. व्हीएफडी (मोटरचा वेग हवा तसा बदलणारे उपकरण) लावलेली किंवा सीएनसी लेथ असेल तर हा प्रश्नच नाही.

दुसरा पेच: फॅक्टर म्हणून आरपीएम घ्यायचा की कटिंग स्पीड? टूलला कळतो तो कटिंग स्पीड, म्हणजे पाय गुणिले व्यास गुणिले आरपीएम भागिले १०००, मीटर प्रतिमिनिटात. ५० मिमी व्यासावर १००० आरपीएमला १५७ मीटर प्रतिमिनिट मिळतो. त्याच बारवर १ मिमी डेप्थचे चार कट एकावर एक घेतले की व्यास ४२ मिमी उरतो, आणि त्याच १००० आरपीएमला कटिंग स्पीड १३२ वर येतो. वर्कशीटला वाटते आहे की स्पीड हललाच नाही. उपाय दोन. एकतर प्रत्येक रन नव्या, समान व्यासाच्या भागावर घ्या (बारवर आधीच ग्रूव्ह पाडून तुकडे आखून ठेवले की सोपे जाते). ते शक्य नसेल तर प्रत्येक रनआधी व्यास मोजा आणि खरा कटिंग स्पीड वेगळ्या कॉलममध्ये लिहून अ‍ॅनालिसिस त्यावर करा.

४. लो आणि हाय

रेंज खूप अरुंद ठेवली तर परिणाम मोजणीच्या गोंधळात बुडतो. खूप रुंद ठेवली तर टूल एका टोकाला घासते आणि दुसऱ्या टोकाला तुटते. अंदाजासाठी एक साधे सूत्र आहे: आरए साधारण फीडचा वर्ग भागिले (३२ गुणिले नोज रेडियस). ०.८ मिमी रेडियसला ०.१५ फीडवर सुमारे ०.९ मायक्रोमीटर आणि ०.२५ फीडवर सुमारे २.४ मायक्रोमीटर येतो. प्रत्यक्षात आकडे याहून जास्त येतात, कारण झीज, थरथर आणि बिल्ट-अप एज (धारेवर चिकटून बसलेला धातू) या सूत्रात नाहीत. पण हा फरक टेस्टरच्या हालचालीपेक्षा मोठा आहे हे कळायला एवढे पुरते. म्हणून फीड ०.१५ ते ०.२५. डेप्थ ०.२ ते १.० मिमी. स्पीड ५०० ते १००० आरपीएम.

फीडचे तिन्ही आकडे, ०.१५, ०.२० आणि ०.२५, तुमच्या फीड चार्टवर आहेत का ते बघा. नसतील तर चार्टवरचे जवळचे आकडे घ्या आणि तेच सॉफ्टवेअरमध्ये लिहा. युनिटचा रकाना रिकामा सोडू नका. फीड मिमी प्रतिफेरा आहे की मिमी प्रतिमिनिट, हे सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला कळायला दुसरा मार्ग नसतो. शिवाय मिमी प्रतिमिनिट घेतले तर स्पीड बदलला की फीडही आपोआप बदलतो, म्हणजे दोन फॅक्टर एकमेकांत अडकतात. टर्निंगला मिमी प्रतिफेरा हेच घ्या.

सॉफ्टवेअर आतून लो ला −१ आणि हाय ला +१ करते. ते कोडिंग त्याला करू द्या. रिस्पॉन्स भरून झाल्यावर लो-हाय बदलायला जाऊ नका, कोएफिशंटचा, म्हणजे फॅक्टरचा परिणाम किती हे सांगणाऱ्या आकड्याचा, अर्थच बदलतो.

५. सेंट्रल कॉम्पोझिट घेणार असाल तर अल्फा तपासा

फॅक्टरचा परिणाम सरळ रेषेत नसून वळत असेल, तर तो कर्व्ह पकडायला सेंट्रल कॉम्पोझिट डिझाइन घेतात. त्यात अ‍ॅक्सियल पॉइंट (बाकीचे मध्यावर ठेवून एकच फॅक्टर टोकाला नेणारे रन) असतात. ते मध्यापासून किती लांब हे अल्फा सांगतो, आणि तीन फॅक्टरच्या (कूलंट न्यूमेरिक नाही, म्हणून आपले तीनच) रोटेटेबल डिझाइनला, म्हणजे मध्यापासून सगळ्या दिशांना सारखाच नेमका अंदाज देणाऱ्या डिझाइनला, तो १.६८२ असतो. म्हणजे तुम्ही लो आणि हाय म्हणून दिलेल्या आकड्यांच्या बाहेर सॉफ्टवेअर जाते. आपल्या उदाहरणात फीड ०.११६ आणि ०.२८४ मागितला जाईल. स्पीड ३३० आणि ११७० मागितला जाईल, जो गिअरबॉक्समध्ये नाही. आणि डेप्थ? मध्य ०.६, अर्धी रेंज ०.४, तिला १.६८२ ने गुणले की खालचे टोक −०.०७ मिमी. उणे डेप्थचा कट. सॉफ्टवेअर हा आकडा टेबलात छापून देते.

मार्ग दोन आहेत. अल्फा १ करून फेस-सेंटर्ड डिझाइन घ्या, म्हणजे सगळे पॉइंट तुमच्या रेंजमध्येच राहतात आणि प्रत्येक फॅक्टरला तीनच लेव्हल (आकडे) लागतात. किंवा तुमचे आकडे अल्फाची टोके आहेत असे सॉफ्टवेअरला सांगा. मिनिटॅबमध्ये लेव्हल क्यूब पॉइंटच्या (लो-हायच्या कोपऱ्यांच्या) की अ‍ॅक्सियल पॉइंटच्या असे विचारले जाते, डिझाइन-एक्स्पर्टमध्येही तशीच निवड आहे. साध्या लेथवर फेस-सेंटर्डच घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

६. बदलायला अवघड फॅक्टर लपवू नका

रँडम ऑर्डरमध्ये (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या क्रमाने) रन आले की कूलंट दर रनला बदलावा लागतो. टाकी उपसायची, धुवायची, नवा भरायचा, प्रमाण बघायचे. कुणीही शहाणा ऑपरेटर आधी एका कूलंटचे सगळे रन उरकून घेईल. त्याचे काही चुकत नाही, पण अ‍ॅनालिसिस मात्र पूर्ण रँडम धरून होते, आणि कूलंटचा परिणाम खरा आहे की नाही याचा निकाल फसवा येतो.

त्यापेक्षा सॉफ्टवेअरला आधीच सांगा. जेएमपीमध्ये फॅक्टरसमोर चेंजेस या रकान्यात ईझीऐवजी हार्ड करा. मिनिटॅबमध्ये दोनच कूलंट असतील तर स्प्लिट-प्लॉट डिझाइन घेऊन हार्ड-टू-चेंज फॅक्टर निवडा. मग रन आपोआप गटांत येतात. एका कूलंटचा एकच गट ठेवू नका. प्रत्येक कूलंट निदान दोनदा, वेगवेगळ्या वेळी भरला गेला पाहिजे. नाहीतर कूलंटचा फरक आणि त्या दिवसाचा फरक वेगळा काढता येत नाही.

कूलंट कॅटेगोरिकल असल्यामुळे त्याला मध्य नाही. सेंटर पॉइंट मागितले तर ते प्रत्येक कूलंटसाठी वेगळे येतात आणि रन वाढतात. बारचा हिशेब त्याप्रमाणे करा.

७. न झेपणारे कोपरे

१००० आरपीएम, ०.२५ फीड, १.० डेप्थ हा रन टेबलात असणारच. कटिंग स्पीड १५७, म्हणून मिनिटाला सुमारे ३९ घन सेंटिमीटर धातू निघतो. स्टेनलेसला घन मिलिमीटरमागे ढोबळ ३ ज्यूल धरले तर साधारण २ किलोवॅट लागतात. तुमची मोटर २ एचपीची, म्हणजे दीड किलोवॅटची असेल तर ती तिथे दबून थांबणार. म्हणून डिझाइन पक्के करण्याआधी सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका असे दोन्ही कोपरे भंगारातल्या बारवर चालवून बघा. झेपत नसेल तर डेप्थचा हाय कमी करा. रेंज सोडायचीच नसेल तर कन्स्ट्रेंट (न झेपणारा कोपरा वगळायची अट) टाकून ऑप्टिमल डिझाइन, म्हणजे उरलेल्या जागेत सॉफ्टवेअरने निवडलेले रन, घ्या. रन चालू असताना एका कोपऱ्यापुरती डेप्थ गुपचूप कमी करणे हा सगळ्यात वाईट पर्याय.

८. ब्लॉक आणि कोकणातली हवा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि दुरुस्तीची गर्दी होते. प्रयोगाला लेथ सलग मिळत नाही, काम दोन-तीन दिवसांत तुटते. हरकत नाही, दिवस हा ब्लॉक (एकसारख्या परिस्थितीत घेतलेल्या रनचा गट) म्हणून सुरुवातीलाच भरा. बारची लॉट बदलणार असेल तर तीही ब्लॉकमध्ये घ्या. ब्लॉक फॅक्टरच्या यादीत टाकू नका, त्याची वेगळी जागा असते.

दमट हवेने स्टेनलेसच्या कटवर लगेच फरक पडत नाही. पण हाच प्रयोग माइल्ड स्टीलवर करत असाल तर पावसाळ्यात, खाऱ्या वाऱ्यात, रात्रभर ठेवलेला ताजा कट सकाळी तांबूस झालेला असतो, आणि मग सुई गंज मोजते. त्याच दिवशी मोजा. व्होल्टेज पडले की लोडखाली आरपीएम थोडा उतरतो, म्हणून टॅकोमीटरचा आकडा दर रनला लिहा.

९. एक्सेलमधून आणताना

हे खास आपल्यासाठी. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि सेलमध्ये देवनागरी आकडे टाइप झाले तर सॉफ्टवेअर त्यांना अक्षरे समजते आणि अख्खा कॉलम टेक्स्ट होतो. फॅक्टर आपोआप कॅटेगोरिकल बनतो, आणि एरर मेसेजही नेहमी येत नाही. आकडे इंग्रजीच टाइप करा. सेलमध्ये आकड्यापुढे "मिमी" लिहू नका, युनिट कॉलमच्या नावात घाला. लेव्हलला "१-२" असे नाव इंग्रजी आकड्यांत दिले तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते. वर्डमधून कॉपी केलेले उणे चिन्ह कित्येकदा नुसता डॅश असतो, तेही टेक्स्टच. इम्पोर्ट झाल्यावर प्रत्येक कॉलमचा टाइप एकदा डोळ्याने बघा.

१०. रन शीट छापण्याआधी

छापलेल्या टेबलातली प्रत्येक ओळ ऑपरेटरसमोर बसून वाचा. प्रत्येक आकडा पाटीवर आहे का, हे तो बोट ठेवून सांगेल. सेट केलेला आकडा आणि मिळालेला आकडा असे दोन वेगळे कॉलम ठेवा, शेरा लिहायला एक रुंद रकाना सोडा, आणि रनचा क्रम ठळक छापा. इन्सर्टची धार कितव्या रनला बदलली हेही त्यातच लिहायला सांगा. फॅक्टर टेबलाचा स्क्रीनशॉट आणि वहीतल्या कॉन्स्टंटच्या पानाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात तारीख घालून ठेवा. शीट प्लास्टिकच्या पाकिटात घालून हेडस्टॉकवर चिकटवा, कूलंटचे शिंतोडे तिथपर्यंत येतात.